शब्दवेध

शब्दवेधी बाणाची विद्या आपल्या पुराणांत मोठ्या कौतुकानें वर्णिलेली आहे. पण गंमत अशी कीं, त्या विद्येचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हें तिच्या अनर्थाचें उदाहरण आहे. शरयूच्या कांठीं, काळोखांत, घागर भरल्याचा आवाज दशरथाच्या कानीं पडला; कोणी हत्ती पाणी पीत असावा अशी त्याची समजूत झाली आणि त्यानें बाण सोडला. बाण जेथें लागावयाचा तेथेंच लागला. आवाज कोठून आला हें राजानें बिनचूक ओळखलें होतें. तो कोणाचा हें मात्र ओळखलें नव्हतें. या प्रसंगावर कीर्तनकार बुवा श्रोत्यांच्या डोळ्यांतून पाणी काढतात तें यथायोग्यच आहे. परंतु गेल्या वर्षीं सांगलीच्या एका रुग्णालयांतील बाकावर मला चार आठवडे बसावें लागलें, आणि त्या बैठकींत ही कथा माझ्या मनांत घोळूं लागली ती श्रावणाच्या बाजूनें नव्हे, धनुर्धराच्या बाजूनें. न दिसणाऱ्या लक्ष्यावर नेम धरावयाचा, आणि बाण सुटत असतांनाच तें लक्ष्य जागचें हललें तर काय करावयाचें?

माझे वडील बंधु सांगलीस असतात, मी साताऱ्यास. घरांत आम्ही सारे त्यांना दादा म्हणतों. पाटबंधारे खात्यांत त्यांची सारी नोकरी झाली आणि तींतील बराच काळ नदीची पातळी मोजण्यांत गेला. माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटाशीं घेऊन कृष्णा आमच्या जिल्ह्यांतून खालीं उतरते. तिच्या पाण्याचा हिशेब ठेवणें हाच दादांचा नित्यधर्म. साताऱ्याकडे पावसाची झड लागली कीं आम्ही साताऱ्याचीं माणसें पांघरूण ओढून निजत असूं, आणि सांगलींत दादांची झोंप उडत असे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं या गृहस्थांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. ही ग्रंथि अशी आहे कीं तिचें नांव आमच्यासारख्या घरांत चारचौघांत कोणी काढीत नाहीं. वहिनींनीं नातलगांना ‘दादांचें जरा लघवीचें दुखणें आहे’ एवढेंच कळविलें होतें. शब्द उच्चारण्याच्या लाजेपायीं पुष्कळ पुरुष डॉक्टरांकडे उशिरां जातात, असें तेथील डॉक्टरच म्हणाले; म्हणून येथें तो संकोच मीं बाजूस ठेविला आहे.

अक्रोडाएवढी ही ग्रंथि मूत्राशयाच्या तळाशीं आणि गुदाशयाच्या पुढें, दोन शेजाऱ्यांच्या मधोमध बसलेली असते. हे दोन्ही शेजारी फुगणारे आणि ओसरणारे. मूत्राशय भरला कीं तिला एका बाजूनें ढकलतो. गुदाशयांत वायु धरला कीं तो दुसऱ्या बाजूनें. कांहीं वेळां ती सावकाश घसरते, कांहीं वेळां वायूचा एखादा बुडबुडा सरकला म्हणजे चटकन् उसळून पुनः जागेवर येते. हें सरकणें मिलिमीटरांचें असतें. परंतु किरणांचा नेमहि मिलिमीटरांचाच असल्यामुळें तें क्षुल्लक ठरत नाहीं. यावर उपाय म्हणून दादांना रोज एक विधि सांगितलेला होता: पोट साफ करून यावयाचें, लघवीस जाऊन यावयाचें, नंतर अर्धा लिटर पाणी प्यावयाचें आणि तास-पाऊण तास तसेंच बसून राहावयाचें. ज्याचें दुखणेंच लघवीचें, त्या म्हाताऱ्या माणसाला भरलेल्या मूत्राशयानें बाकावर बसविणें ही शिक्षा केवढी आहे, हें तें पाहिल्याखेरीज समजणार नाहीं. आमच्या त्या बाकावर असे चार-पांच वृद्ध रोज बसत. कोणी बोलत नसे. एखादा पाय हलवी, एखादा घड्याळाकडे पाही, आणि आंतून नांव पुकारलें जाईपर्यंत सर्वांच्या चेहऱ्यावर एखाद्या व्रताचें गांभीर्य असे.

पाणी पिऊन झालें म्हणजे मूत्राशय पुरेसा भरला आहे कीं नाहीं, हें एका लहानशा ध्वनियंत्रानें तपासीत. ओटीपोटावर थंडगार जेली लावून तो मुठीएवढा यंत्राचा भाग टेंकवावयाचा. कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी आंत जाणार, पाण्याच्या कडेवर आपटून परत येणार, आणि त्यांच्या परतीच्या वेळावरून पडद्यावर काळें तळें उमटणार. घागर भरली कीं नाहीं हें कानानें पाहण्याचाच तो प्रकार. दशरथाची आठवण मला प्रथम झाली ती तेथें.

या उपचाराचें मर्म थोडक्यांत असें. यंत्र रुग्णाच्या भोंवतीं फिरतें आणि निरनिराळ्या दिशांनीं शक्तिमान् क्ष-किरण एका जागीं एकवटतें, म्हणजे वाटेंतील निरोगी भागाला थोडाथोडा मार बसावा आणि रोगाच्या जागीं सर्वांची बेरीज व्हावी. पूर्वीं हा उपचार सात-साडेसात आठवडे चाले. मुख्यतः ब्रिटनमध्यें तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चांचणीचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले, आणि ३७ बैठकींतील उपचाराचें काम मात्रा वाढवून २० बैठकींत तितकेंच चांगलें होतें असें दिसून आलें. दादांना त्या वीस बैठकी होत्या. रुग्णाचे हेलपाटे वांचले, ही मोठीच सोय. पण बैठकी जों जों कमी आणि मात्रा जों जों मोठी, तों तों एकेका दिवसाच्या नेमाची जबाबदारी वाढते, हेंहि उघड आहे.

आणि नेम चुकूं नये म्हणून काय करतात? लक्ष्यच मोठें मानतात. ग्रंथीच्या कडेबाहेर पांच किंवा दहा मिलिमीटरांची किनार धरून तेवढ्या सर्व भागावर किरण सोडतात. म्हणजे ती थोडी सरकली तरी किनारीच्या आंतच राहील. ऐकावयास ही युक्ति सोपी वाटते. पण हिशेबाची खोड मला वंशपरंपरेनें लागलेली असल्यामुळें मीं तेथेंच एका पाकिटाच्या पाठीवर गणित केलें. चार सेंटिमीटर व्यासाचा गोळा घेतला तर त्याचें घनफळ सुमारे ३३ घन सेंटिमीटर भरतें. चोहोंकडून पांच मिलिमीटरांची किनार धरली कीं तें ६५ होतें, आणि एक सेंटिमीटरची धरली कीं ११३. म्हणजे एका बोटाच्या रुंदीहूनहि कमी अशा किनारीपायीं मूळ ग्रंथीच्या सव्वातीनपटींहून अधिक मांस किरणांखालीं येतें. आणि त्या वाढीव भागांत असतात ते मूत्राशयाची आणि गुदाशयाची भिंत. पुढें महिनोन् महिने रक्त पडणें, आग होणें, घराबाहेर पडण्याची भीति वाटणें, या तक्रारींचें मूळ पुष्कळदां तेथें असतें. आंधळेपणाची किंमत ती ही. लक्ष्य कोठें आहे हें जितकें नक्की ठाऊक, तितकी किनार बारीक कापतां येते.

रोजच्या उपचारापूर्वीं दादांना टेबलावर निजवून यंत्रानेंच आंतील भागाचें एक चित्र घेत, मूळ आराखड्याशीं तें जुळवीत, आणि टेबल तितके मिलिमीटर इकडे-तिकडे सरकवून किरण सुरू करीत. हें काम पाहणारी भौतिकशास्त्रज्ञ मुलगी मोठी गोड स्वभावाची होती. दादांनीं तिला चौथ्या कीं पांचव्या दिवशीं गांठलेंच.

“बाई, पूर चढत असतो तेव्हां आम्ही तासातासाला पट्टी वाचतों. तुम्ही सकाळीं एकदां वाचून गांव सुखरूप आहे म्हणून कळवितां, तें कसें?”

ती हसून म्हणाली, “काका, चित्र घेतल्यापासून किरण संपेपर्यंत पांच-सात मिनिटें जातात. तेवढ्यांत पूर येत नाहीं सहसा.”

“सहसा?” दादा म्हणाले.

हा एक शब्द त्यांनीं ज्या रीतीनें उच्चारला त्याचा अर्थ सांगलीबाहेरच्या माणसाला कळावयाचा नाहीं. सांगलींत आयर्विन पूल आहे. तो १९२९ सालीं झाला, आणि त्याच्यापाशीं पाण्याची पातळी किती फूट हा तेथील पावसाळ्यांतला सार्वजनिक प्रश्न असतो. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीस फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टांत तें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें आणि दादांच्या घरांतील कपाटें पाण्यांत बुडाली. संध्याकाळीं वाचलेल्या आंकड्यावर विसंबून जे निजले, त्यांना पहांटे गच्चीवर चढावें लागलें. ‘सहसा’ या शब्दावर दादांचा विश्वास त्या वर्षापासून उरलेला नाहीं.

त्या मुलीनें प्रश्न टाळला नाहीं, हें मला आवडलें. ती म्हणाली कीं, रुग्ण जितका अधिक वेळ टेबलावर पडून राहतो तितका ग्रंथि सरकण्याचा संभव वाढत जातो, ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच आम्ही घाई करतों. आणि मग तिनें आम्हांला ध्वनीनें पाळत ठेवण्याची पद्धति समजावून सांगितली. ती सोय त्या रुग्णालयांत नव्हती. पण १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत प्रथम पोटावर ध्वनियंत्र टेंकवून रोज ग्रंथीची जागा पाहूं लागले; आणि पुढें कॅनडांतील माँट्रिऑल येथें एका कंपनीनें ‘क्लॅरिटी’ नांवाची योजना सिद्ध केली, ती कंपनी २०१० सालीं स्वीडनच्या एलेक्टा कंपनीनें घेतली. तींत ध्वनियंत्राचा भाग पोटावर न ठेवतां दोन पायांच्या मध्यें, बैठकीच्या जागेशीं, स्थिर बसवितात. आंतील सूक्ष्म मोटर त्याला आपोआप डोलवीत राहते. ग्रंथीचें घनाकार चित्र पुनः पुनः बनत राहतें. आणि किरण चालू असतांनाच संगणक तिची जागा सांगत राहतो. ठरविलेल्या मर्यादेबाहेर ती गेली आणि कांहीं सेकंद तेथेंच राहिली, तर किरण थांबवितात, टेबल सरकवितात, पुनः सुरू करतात. क्ष-किरणांच्या चित्रांनीं सतत पहारा ठेवावयाचा तर त्याचा भार शरीरावर पडतो, आणि त्यांत ग्रंथि ओळखूं यावी म्हणून तिच्यांत आधीं सोन्याचे बारीक कण टोंचून बसवावे लागतात. ध्वनीला यांतलें कांहींच लागत नाहीं. चुंबकीय प्रतिमेचें यंत्र आणि किरणयंत्र एकत्र जोडलेलीं यंत्रेंहि आतां निघालीं आहेत, परंतु त्यांच्या खर्चाचा आंकडा ऐकून दादांसारख्या सरकारी नोकरानें कानांवर हात ठेविले.

त्या दिवशीं रात्रीं सहज चाळतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली, आणि ती मला इतकी रमणीय वाटली कीं विषयांतराचा दोष पत्करून सांगतों. स्फटिकावर दाब दिला कीं त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध १८८० सालीं झाक् आणि पिएर क्यूरी या दोघां भावांनीं लावला. विजेनें स्फटिक थरथरवून ध्वनि काढणें आणि परतलेल्या ध्वनीनें त्यांत वीज उठवून तो ऐकणें, हीच सर्व ध्वनियंत्रांची गुरुकिल्ली. पिएरचा शिष्य लांजव्हँ यानें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीं वापरली. १९५८ सालीं ग्लासगोच्या इयान डोनाल्डनें पोटांतील गांठींचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. आणि याच पिएरनें १८९८ सालीं आपली पत्नी मारी हिच्यासह रेडियम शोधिलें, ज्याच्या किरणांनीं कर्करोगावर उपचार करण्याची प्रथा पडली. म्हणजे बाण आणि कान हीं दोन्हीं एकाच घरांतून बाहेर पडलीं. पत्नीबरोबर एक, भावाबरोबर दुसरें. त्यांची पुनः गांठ पडावयास मात्र शंभर वर्षें जावीं लागलीं.

या ध्वनिविद्येच्याहि अडचणी आहेत, आणि त्या मला तिच्या गुणांइतक्याच मनोरंजक वाटतात. पोटावर यंत्र दाबलें कीं त्या दाबानेंच ग्रंथि कांहीं मिलिमीटर मागें सरकते. ज्याची जागा पाहावयाची त्यालाच पाहणारा ढकलतो! हाड आणि हवा यांतून हा ध्वनि नीट पार जात नाहीं, त्यामुळें फुफ्फुसांतल्या गांठीपुढें तो हतबल. यंत्र असें मानून चालतें कीं शरीरांत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे. पण चरबींत तो कमी भरतो, आणि स्थूल माणसाच्या बाबतींत खोलीचा हिशेब किंचित् चुकतो. शिवाय यंत्राचा तो भाग किरणांच्या वाटेंत येतां कामा नये. यकृताची कथा याहून कठीण. तें श्वासाबरोबर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खालींवर होतें, मिनिटाला पंधरा-सोळा वेळां. त्याच्या आंतील रक्तवाहिन्यांच्या खुणा ध्वनिचित्रांत धरून त्यांचा माग काढण्याच्या स्पर्धाच २०१४ आणि २०१५ सालीं संशोधकांनीं भरविल्या. उत्तम पद्धतींची सरासरी चूक एक-दोन मिलिमीटरांपर्यंत आली. पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. खोल श्वास घेतला कीं ओळखीची वाहिनी चित्राबाहेर जाते, तिच्याजागीं तिच्याच तोंडवळ्याची दुसरी येते, आणि संगणक मोठ्या निष्ठेनें त्या दुसरीच्या मागें लागतो. स्थान अचूक, ओळख चुकीची. शरयूच्या कांठीं घडलें तें यापेक्षां निराळें नव्हतें. म्हणून पडद्यापाशीं जाणतें माणूस बसलेलें असावें लागतें, आणि तशीं माणसें तयार करणें हें यंत्र विकत घेण्यापेक्षां अवघड काम आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ध्वनिचित्राच्या प्रत्येक खोलीबाहेर एक पाटी असते: येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं. आमच्या बाकासमोरच ती होती, आणि चार आठवडे मीं ती इतक्या वेळां वाचली कीं तिच्यांतील एक शुद्धलेखनाची चूकहि मला पाठ झाली. सांगली जिल्ह्यानें त्या पाटीची किंमत मोजलेली आहे. २००१ च्या शिरगणतींत तेथें सहा वर्षांखालील हजार मुलांमागें मुली होत्या ८५१; आणि मार्च २०१७ मध्यें मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें ओढ्याकांठीं पुरलेले १९ स्त्रीभ्रूण सांपडल्याची वार्ता आली, तेव्हां ती वाचून दादांनीं दोन दिवस वर्तमानपत्र हातीं धरलें नव्हतें. ज्या कानानें एका वृद्धाचे प्राण वांचावे, त्याच कानानें न जन्मलेल्या मुलींचा माग काढिला गेला. या यंत्रांची नोंद, त्यांचे अर्ज, त्यांची तपासणी यांविषयीं डॉक्टरांत कुरकुर ऐकूं येते. किरणोपचारासाठीं असें यंत्र आणावयाचें तरी तीच कागदपत्रें करावीं लागतात, असें म्हणतात. मला ती कुरकुर पटत नाहीं. म्हैसाळ दादांच्या घरापासून फार लांब नाहीं.

दादांची वही मात्र सांगावयाची राहिली. भौतिकशास्त्रज्ञ मुलीपाशीं हट्ट धरून त्यांनीं रोजची जुळवणी विचारून घेण्यास प्रारंभ केला: टेबल किती मिलिमीटर सरकविलें, वर कीं खालीं, डोक्याकडे कीं पायांकडे, डावीकडे कीं उजवीकडे. घरीं आल्यावर चष्मा लावून तीं तीन मापें ते नदीच्या वहींतल्यासारखीं रकान्यांत उतरवीत. शेजारीं प्यालेलें पाणी आणि आदल्या रात्रींचें जेवण. चार-पांच दिवसांत त्यांनीं शोध लाविला कीं हरभऱ्याच्या डाळीची आमटी झाली कीं दुसऱ्या दिवशींचा आंकडा वाढतो. वहिनींनीं आमटी बंद केली. तेराव्या दिवशीं तरीहि ग्रंथि आठ मिलिमीटर पुढें सरकलेली निघाली. तेव्हां त्या मुलीनें किरण सुरू न करतां त्यांना टेबलावरून उतरविलें आणि अर्धा तास आवारांत फेऱ्या मारून, मोकळे होऊन, पुनः पाणी पिऊन येण्यास सांगितलें. दादांना त्या दिवशीं विलक्षण समाधान वाटलें. “आज पट्टी बरोबर वाचली,” एवढेंच ते रिक्षेंत म्हणाले.

वीस दिवसांची ती वही उपचार संपल्यावर त्यांनीं त्या मुलीला देऊन टाकली. तिनें ती ठेवून घेतली, आणि पुढच्या आठवड्यांत बाकावर येऊन बसलेल्या एका नव्या रुग्णाला—विट्याकडचे कोणी निवृत्त शिक्षक होते—तशीच वही घालण्यास सांगितलें, असें तपासणीसाठीं गेलेल्या दादांनीं मला फोनवर कळविलें. रक्ताच्या तपासणीचा आंकडा खालीं आला आहे. हरभऱ्याची आमटी पुनः सुरू झाली आहे.